जास्तीचं ऑइल

गिअरबॉक्सवाल्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही. बॉनेटवर कोपर टेकवलं, डोळे मिटले, गाणं ऐकल्यासारखं इंजिन ऐकलं आणि मान हलवली.

"आतून गेलाय," म्हणाला.

"पट्टी काढून बघितलीत?" धाकटीने विचारलं.

"कसली पट्टी?"

"गिअरच्या ऑइलची. किती आहे, कसल्या रंगाचं आहे, वास कसला येतोय."

तो तिच्या थोरल्या भावाकडे बघून हसला. बाई मध्ये बोलली की पुरुषाकडे बघून हसायचं, ही त्या धंद्यातली पहिली शिकवण असावी. "ताई, वीस वर्षं हेच करतोय. आवाजावर कळतं आपल्याला. आणि एक सांगून ठेवतो, एवढ्या जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायच्या भानगडीत पडू नका. जुनं ऑइल आहे म्हणून तो तग धरून आहे. नवीन टाकलंत की जागेवर बसेल."

"म्हणजे बदललं नाही तरी गेला, बदललं तरी जाणार."

"बरोबर."

"मग तुम्ही नक्की काय करता?"

थोरल्याने तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. "कुठेही तोंड उघडायचं का?" म्हणाला. थोरला चष्म्यांच्या दुकानाचा मालक. दिवसभर लोकांना हळू आवाजात "हे स्पष्ट की ते स्पष्ट" विचारून विचारून त्याचा स्वतःचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला होता. त्याच कापसातल्या आवाजात त्याने निकाल दिला. "गाडी भंगारात. विषय संपला."

धाकटीचा विषय तिथूनच सुरू झाला.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे, छत्तिशी उलटली तरी. दोन भाऊ आणि ती. वडील गेले तेव्हा मागे काय राहिलं, तर ही उंच चाकांची जुनी एसयूव्ही, तिघांच्या नावावर. तिघांच्या नावावर, पण चालवायचे दोघंच. एक आठवडा थोरल्याचा, एक मधल्याचा. धाकटीला काय सांगायचे, तर "तुला गिअरबॉक्सचं कळत नाही." क्लच नसलेली गाडी. दोन पायडल. त्यात कळायचं काय होतं, देव जाणे.

दोघं भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारलं तर हसू येईल. पार्किंगच्या खांबाला घासून गाडीचा मागचा दरवाजा चेमटला होता, आणि तो कोणी घासला यावरून. थोरला म्हणे मधल्याने, मधला म्हणे थोरल्याने. तेवढ्यावर आठ वर्षं. शनिवारी संध्याकाळी एकाने किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवायची, रविवारी सकाळी दुसऱ्याने काढून घ्यायची, म्हणजे तोंड बघायला नको. इतकंच नाही, डिकीच्या मधोमध त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. डावी बाजू थोरल्याची, उजवी मधल्याची. दुसऱ्याच्या बाजूला बोट लावायचं नाही. शाळेत बाकावर खडूने रेघ मारतात तसं. फक्त ह्या दोघांचे केस पांढरे झाले होते.

आता धाकटीला गाडी हवी होती, आणि उगाच नाही. पाच वर्षं ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुत होती. नमुने दुसरे आणायचे, तपासायचे दुसरे, ती फक्त बाटल्या उलट्या करून वाळत ठेवायची. आता तिला नमुने गोळा करायचं काम मिळत होतं. टेकड्यांवर चाळीस टाक्या, आठवड्यातून दोनदा प्रत्येकीचं पाणी आणायचं. अट एकच. चढावर चालणारी स्वतःची गाडी, आणि कागद स्वतःच्या नावावर. सोमवारी सकाळी दहा वाजता कागद टेबलावर ठेवायचा. नाही ठेवला तर रांगेत दुसरी उभी होतीच.

"भंगारात देण्यापेक्षा मला द्या," ती थोरल्याला म्हणाली.

"घे. चढावर हूं हूं करते आणि जागची हलत नाही. हौस असेल तर घे," थोरला म्हणाला.

मधल्याला फोन केला. मधला लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन महिन्यांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पाय मोडून घेतला आणि तेव्हापासून प्लास्टरमध्ये होता, म्हणून तीन महिने गाडी एकट्या थोरल्याकडे होती. "घे ना," तो म्हणाला. "त्याच्या हातात तीन महिने दिल्यावर गिअरबॉक्स जाणारच होता. मला सांगायला नको." रविवारी अकरा वाजता दोघंही धाकटीच्या चाळीच्या अंगणात येऊन हस्तांतराच्या कागदावर सही करणार, आणि डिकीतला आपापला पसारा घेऊन जाणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे धाकटीने दोघांना वेगवेगळं सांगितलं.

शुक्रवारी गाडी अंगणात आली. धाकटीने पहिल्यांदा काय केलं असेल, तर पुढच्या खणातलं गाडीचं पुस्तक काढलं. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. पिशवीचं तोंड कंपनीने चिकटवलं होतं तसंच. आठ वर्षं दोन जाणकार ही गाडी सांभाळत होते आणि एकाने पुस्तक उघडलं नव्हतं.

पुस्तकात सगळं होतं, चित्रासकट. गाडी सपाटीवर उभी करायची. पंधरा-वीस मिनिटं चालवून चांगली गरम करायची. इंजिन चालू ठेवायचं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक घरातून सावकाश फिरवायचा, परत पार्कवर आणायचा. आणि इंजिन चालू असतानाच पट्टी काढायची, पुसायची, घालायची, पुन्हा काढायची. गरमच्या खुणेपर्यंत ऑइल हवं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इंजिन बंद असताना मोजू नये, कारण वर फिरणारं ऑइल तेव्हा खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं.

शनिवारी सकाळी तिने तसंच केलं. पट्टी काढली. ती कोरडी. टोकाला एक थेंब, बस.

मग तिला शंका आली. इंजिन बंद केलं, वर जाऊन पोळी-भाजी खाल्ली, तासाभराने खाली आली आणि मुद्दाम चुकीच्या पद्धतीने, बंद आणि गार गाडीची पट्टी बघितली. ऑइल अगदी खुणेवर. वर नाही, खाली नाही. गळून कमी झालेलं ऑइल असं कुठे थांबत नाही. हे कोणीतरी मापून ठेवलेलं होतं.

पण आधी ऑइल कसं आहे ते बघायचं होतं. सुट्या भागांच्या दुकानात ती पुस्तक घेऊनच गेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकला पाठवा, त्याला बरोबर कळेल."

"मेकॅनिकने डोळे मिटलेत," ती म्हणाली. "हे ऑइल द्या. हाच नंबर. ह्याच्यासारखं दुसरं नको. आणि ऑइल गाळायची जाळी, आणि चेंबरचं पॅकिंग."

"सगळी ऑइलं लालच असतात हो."

"सरबतपण लाल असतं."

त्याने मुकाट्याने डबे काढले.

दुपारी तिने गाडी जॅकवर उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, हलवून बघितली, आणि पाठीखाली पुठ्ठा घेऊन आत सरकली. चाळीतले दोघं-तिघं कठड्यावर येऊन उभे राहिले. बाई गाडीखाली गेली की लोकांना फार वेळ असतो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वरून म्हणाले, "अगं, डावीकडे फिरव, डावीकडे."

"काका, तुम्हाला तिथून नट दिसतोय?"

"नाही."

"मग मला दिसतोय तो फिरवू द्या."

चेंबरला चौदा बोल्ट होते. पुस्तकात होतं तसे तिने एका बाजूचे काढले, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल केले, म्हणजे चेंबर एका कोपऱ्याने खाली झुकतं आणि ऑइल अंगावर न येता परातीत पडतं. मनाची तयारी केली होती काळ्या, जळक्या वासाच्या चिखलाची. एवढी जुनी गाडी, आठ वर्षांत कोणी ऑइल बदलल्याचं ऐकिवात नाही.

परातीत पडलं ते लालभडक होतं. नवंकोरं वाटावं असं. तिने बोट बुडवून उजेडात धरलं, वास घेतला. जळकट वास नाही, काही नाही. चेंबरच्या तळाला लोहचुंबक होतं, त्यावर राखेसारखा बारीक लेप होता, तो तर असतोच. धातूचा एकही कण नाही. हा गिअरबॉक्स गेला असेल तर धाकटीही गेली होती.

मग हे ऑइल लाल कसं?

उत्तर डिकीत होतं, चिकटपट्टीच्या दोन बाजूंना. हात पुसायला फडकं शोधताना तिने थोरल्याची लाकडी पेटी उघडली. आत प्लॅस्टिकच्या बाटल्या, ओळीने, प्रत्येकीत लाल ऑइल. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी आणि थोरल्याचं ते मुंगीएवढं अक्षर. शनिवारची तारीख आणि खाली एक शब्द. 'जास्तीचे.' शेजारी जनावरांना देतात तसलं मोठं इंजेक्शन, त्याला लांब बारीक नळी.

चिकटपट्टीपलीकडे मधल्याच्या बाजूला वायरींची भेंडोळी, त्याखाली ऑइलचे चेपलेले रिकामे डबे, एक नरसाळं, आणि दोरीला बांधलेलं एक पिवळं कार्ड. लिफ्टच्या खोलीत दुरुस्तीची नोंद लिहायचं कार्ड असतं ना, तेच. त्यावर रविवारच्या तारखा. 'कमी होते. दीड लिटर टाकले.' चौदा दिवसांनी पुन्हा, 'कमी होते. दीड लिटर टाकले.' सगळं कार्ड भरलं होतं.

धाकटीने बाटल्या काढून अंगणात ओळीने मांडल्या आणि कार्ड समोर धरलं. शनिवारी थोरला काढतोय, रविवारी मधला ओततोय. पुन्हा थोरल्याची पाळी संपली की काढतोय, पुन्हा मधला ओततोय.

तिला सगळं दिसलं, जणू समोर उभे आहेत. थोरला गाडी बंद करून, रात्रभर गार होऊ देऊन मोजणार, कारण तो चष्मेवाला. हलत्या डोळ्याचा नंबर काढता येत नाही, माणूस आधी स्थिर बसला पाहिजे, हे त्याचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. बंद गाडीत ऑइल जास्त दिसतं, की घेतलं इंजेक्शन. मधला चालू ठेवून मोजणार, कारण तो लिफ्टवाला. बंद लिफ्टमध्ये दोष सापडत नाही, हे त्याचं. त्याला कमी दिसतं, की ओतलं. आणि थोरला मनात म्हणत असणार, हा नेहमी डोक्यावरून ओततो. मधला म्हणत असणार, हा गाडी अशी चालवतो की ऑइल जळतं. आठ वर्षं. फोन उचलून "तू काय करतोस रे" एवढं विचारलं असतं तर संपलं असतं. पण तेवढ्यासाठी आधी खांबाला गाडी कोणी घासली ते ठरायला हवं ना.

आणि गंमत अशी की ह्या मूर्खपणाने गिअरबॉक्स वाचला होता. दर पंधरा दिवसांनी जुनं थोडं बाहेर, नवं थोडं आत. शहरात कोणाच्या गाडीला एवढं ताजं ऑइल मिळत नसेल. मग मधल्याचा पाय मोडला, ओतणारा गेला, आणि गाडी तीन महिने दीड लिटर कमीवर धावली. चढावर ऑइल मागे सरकायचं, पंप हवा ओढायचा, म्हणून ते हूं हूं. एवढाच रोग होता.

धाकटी पुठ्ठ्यावर बसून हसली. मग तिचं हसू थांबलं, कारण तिला कळलं की हे कोणालाही सांगता येणार नाही. निदान उद्या अकरापर्यंत नाही. गाडी भंगार आहे म्हणून भाऊ सही करणार होते. गाडी धडधाकट आहे असं कळलं तर?

संध्याकाळपर्यंत तिने नवी जाळी लावली, पॅकिंग बसवलं, बोल्ट समोरासमोरचे एकेक करत आवळले. खाली आलेलं ऑइल प्रयोगशाळेच्या मापाने मोजलं, तेवढंच नवं घातलं, वर दीड लिटर. गाडी गरम केली, दांडा फिरवला, पट्टी बघितली. बरोबर खुणेवर. मग रुग्णालयामागच्या त्या उभ्या चढावर नेली. गाडी चढली. मध्येच थांबवली, पुन्हा निघाली. हूं नाही की चूं नाही.

रविवारी थोरला साडेदहालाच आला. वेळेआधी येणं हा त्याचा दुसऱ्याला कमी लेखायचा प्रकार होता.

"कागद आणलास?" तो म्हणाला.

"आहे. सही कर."

"करतो. आधी एकदा ऑइल बघून घेतो. दुसऱ्याच्या हातात देताना मी नेहमी बघून देतो."

धाकटीच्या तोंडात सगळं आलं होतं. जीभ नुसती वळवळत होती. "बघ," म्हणाली.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची त्याने पट्टी काढली, रुमालाने पुसली, पुन्हा घातली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरली. "बघितलंस? जास्त आहे. ढीगभर जास्त," म्हणाला. "कोणी हात लावला होता?"

"तू बघतोयस ना, तूच सांग."

त्याने पेटीतून इंजेक्शन काढलं, नळी आत सोडली आणि ओढायला लागला. कालच आणलेलं ऑइल, तिच्या डोळ्यांसमोर, बाटलीत. धाकटी हाताची घडी घालून उभी राहिली. बाटली राहील, पुन्हा ओतता येईल, असं स्वतःला सांगत राहिली. एवढा वेळ गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून मधला आला, काखेत कुबडी घेऊन. थोरल्याला बघून फाटकातच थांबला. मग त्याची नजर इंजेक्शनवर गेली.

"धाकटे, हे काय चाललंय?" त्याने तिला विचारलं. थोरला दोन हातांवर होता, पण विचारलं तिला.

"धाकटे, त्याला सांग, जास्तीचं काढतोय," थोरला म्हणाला.

"त्याला विचार, कधीपासून?"

"त्याला सांग, पहिल्यापासून. कोणीतरी दर वेळी मर्यादा सोडून ओतत असतं, म्हणून."

मधला कुबडी टेकत गाडीपाशी आला. बाटली बघितली. बाटलीवरची अजून कोरी चिठ्ठी बघितली. पेटीतल्या बाकीच्या बाटल्या बघितल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा तो चिकटपट्टीपलीकडे वाकला होता.

"अरे माणसा," तो थेट थोरल्याला म्हणाला, "मी टाकतोय ते तू काढतोयस?"

"मी काढतोय ते तू टाकतोयस?"

कठड्यावर पोस्टमास्तर आले होते. त्यांनी खुर्चीच आणली.

पुढची दहा मिनिटं नुसतं बंद की चालू, चालू की बंद. थोरल्याचा आवाज कापसातून बाहेर आला. मधल्याने कुबडी दोनदा आपटली. आणि मग मधला एकदम थांबला, कारण यंत्राची माणसं शेवटी यंत्राकडे वळतात.

"थांब," म्हणाला. "म्हणजे मी तीन महिने टाकलं नाही, तू काढून ठेवलेलं. म्हणजे ती कमीवर चालली. म्हणजे गिअरबॉक्स..." तो धाकटीकडे वळला. "तू काही केलंयस ह्याला?"

खोटं बोलायला फार काही लागलं नसतं. 'नाही' म्हणायचं. एक शब्द. समोर कागद होता, पेन होतं, अकरा वाजत होते. धाकटीने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण ह्या दोघांसमोर खोटं बोलणं म्हणजे ह्यांच्या रांगेत जाऊन उभं राहणं.

"ऑइल बदललं," ती म्हणाली. "जाळी बदलली. कमी होतं ते भरलं. काल चढावर नेली. चढते. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही."

थोरल्याने खिशाला लावलेलं पेन चाचपलं, पण काढलं नाही.

"मग देऊन कशाला टाकायची?" तो म्हणाला.

"तेच म्हणतो," मधला म्हणाला. "चांगली गाडी आहे."

आठ वर्षांनी ह्यांचं एकमत झालं, आणि ते ह्यावर.

"मला उद्या दहा वाजता कागद दाखवायचाय," ती म्हणाली. "नाहीतर मी पुन्हा बाटल्या धुते."

"अगं, तुला लागेल तेव्हा मागून घे की," थोरला म्हणाला. "आम्ही काय नाही म्हणणार आहोत? पूर्वीसारखं करू. एक आठवडा मी, एक आठवडा हा."

"चालेल," मधला म्हणाला. "फक्त आता मोजायचं चालू ठेवून."

"बंद करून."

"आत्ता इतका वेळ काय बोललो आपण?"

"तू बोललास. मी ऐकलं. बंद करून."

धाकटीने तेव्हा काही एक चाल खेळली, असं चाळीतले पुढे सांगायचे. चाल वगैरे काही नव्हती. तिला कंटाळा आला होता. तिने पुस्तक आणलं, पान उघडलं आणि थोरल्याच्या हातात दिलं. थोरल्याने चष्मा खाली घेतला, पान डोळ्यांपासून बरोबर अंतरावर धरलं, आणि वाचलं. छापलेल्या अक्षराशी त्याला खोटेपणा करता येत नव्हता, तेवढा एक प्रामाणिकपणा धंद्याने दिला होता. दोनदा वाचलं. कान लाल झाले.

"काय लिहिलंय?" मधल्याने विचारलं. त्याला माहीत होतं. चेहऱ्यावर तूप सांडत होतं.

"हे दुसऱ्या मॉडेलचं असेल."

धाकटीने पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचं गाडीचं चित्र त्याच्यासमोर धरलं.

थोरल्याने ते बोटाने बाजूला सारलं. मग म्हणाला, "ह्याच्या मापावर चालणाऱ्या गाडीत मी बसणार नाही."

"नको बसू. मला दे," मधला म्हणाला. "माझा पाय महिन्यात बरा होईल."

"तुला? माझी सही तुझ्या नावासाठी? ह्या जन्मात नाही." थोरल्याने पेन काढलं. "कुठे करायची, धाकटे?"

तिने बोटाने दाखवलं. तोंड घट्ट मिटून. त्याने बॉनेटवर कागद ठेवून मुंगीएवढी सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

आता मधला एकटा उरला. गाडी हवी, तर थोरल्याची सही नाही. आपली सही अडवली, तर गाडीवर थोरल्याचंही नाव तसंच. त्याने कुबडी बगलेत सारखी केली. "तुझ्या टाक्या कुठे आहेत म्हणालीस?" त्याने विचारलं. आजवर विचारलं नव्हतं.

"टेकड्यांवर. चाळीस."

"चढ आहेत?"

"सगळे चढच."

"मग चालू ठेवूनच मोजत जा," तो म्हणाला, थोरल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि सही केली. ऐसपैस, थोरल्याच्या सहीच्या अर्ध्या अंगावरून गेलेली.

धाकटीने कागद उचलला. पाठीमागे दोघं डिकीपाशी आपापला पसारा काढायला लागले होते.

"एक मात्र आहे," थोरला म्हणत होता, "मी वेळच्या वेळी काढलं, म्हणून ऑइल एवढं स्वच्छ राहिलं."

"आणि ओतत कोण होतं? तुझा चष्मा?"

ती जिना चढून वर गेली. कागद कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खोलवर खिशात घातली. माठातलं पाणी प्यायली, भांडंभर, सावकाश. तोंड पुसलं. मग ती खाली आली आणि डिकीपाशी जाऊन उभी राहिली.

"बसा दोघंही," म्हणाली. "तिथेच, काठावर. मला जरा वेळ लागणार आहे."